पहिल्या पगारातलं अर्पण

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद आणि प्रभूच्या नावानं सलाम.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, पहिला पगार अख्खा अर्पण करू का?" घरात पाहुणे होते, म्हणून मी "बघू" एवढंच म्हणाले. पण हा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नाही. म्हणून सावकाश लिहिते.

आधी तुझ्या मित्राबरोबर ऐकलेल्या त्या सभेबद्दल. वक्त्यानं सांगितलं म्हणे, की पहिला पगार म्हणजे बी आहे, ते पेरा, देव शंभरपटीनं परत देईल; हातात नसेल तर मित्राकडून उसने घ्या, पण आशीर्वादाची ही वेळ चुकवू नका. आणि मागं पडद्यावर क्यूआर कोड. हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. देवाला द्यायचं म्हणून कर्ज काढा, असं शास्त्र आपल्याला कुठंही सांगत नाही. उलट प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, लिहितो की मनाची तयारी असली, तर माणसाजवळ जे आहे त्यावरून त्याचं देणं मान्य होतं, जे नाही त्यावरून नाही. पेरणी-कापणीचं जे वचन सभेत वाचलं गेलं, ते ह्याच पत्रात पुढच्या अध्यायात आहे. आणि त्याच्या लगेच खालची ओळ अशी आहे की प्रत्येकानं आपल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, भाग पडतं म्हणून देऊ नये. ती ओळ वाचायला किती वेळ लागला असता?

शिवाय पौल ती वर्गणी कुणासाठी गोळा करत होता? यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी. स्वतःचं पोट तो तंबू शिवून भरायचा. इफिसच्या मंडळीच्या वडिलांचा, म्हणजे पुढाऱ्यांचा, निरोप घेताना त्यानं सांगितलं, ह्याच हातांनी माझ्या आणि माझ्या सोबत्यांच्या गरजा भागवल्या. घेण्यापेक्षा देण्यात जास्त धन्यता आहे, हे प्रभूचं वाक्य त्यानं तिथंच उच्चारलं. चारही शुभवर्तमानांत ते नाही. ते आपल्यापर्यंत आलं ते पौलाच्या तोंडून. ज्याच्या हाताला सुईदोऱ्याचे घट्टे पडलेत त्यानं असं बोलावं, बाळा.

पण म्हणून हात आखडता घे असं मी म्हणत नाही. द्यावं, आणि आपल्याला जाणवेल इतकं द्यावं. दावीद राजाची गोष्ट तुला रविवारच्या शाळेत शिकवली होती. वेदी बांधायला अरवना यबूसी आपलं खळं, बैल, लाकूड सगळं फुकट द्यायला तयार होता. दावीद म्हणाला, ज्याला मला काही मोल पडलं नाही ते मी माझ्या देवाला अर्पण करणार नाही. आणि पन्नास शेकेल चांदी मोजून त्यानं ते खळं आणि बैल विकत घेतले. राजा असून त्यानं फुकटातली भक्ती नाकारली, ही मला त्याच्या लढायांपेक्षा मोठी गोष्ट वाटते.

आपल्या घरात मी हे पाहिलंय. बहात्तरच्या दुष्काळात तुझी आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी थापताना तुटायची, गार झाली की चामड्यासारखी व्हायची. आजी परातीत पीठ घ्यायची आणि पाणी घालायच्या आधी त्यातली एक मूठ काढून चुलीमागच्या डालड्याच्या डब्यात टाकायची. रोज. कुणी बघत असो वा नसो. शनिवारी तो डबा चर्चमध्ये जायचा आणि ज्या घरात कामावर जाणारं कुणी नाही, अशा घरी पाळकसाहेब ते पीठ पोचवायचे. ती मूठ काढली की शेवटची भाकरी लहान व्हायची. आणि ती लहान भाकरी नेहमी आजीच्या ताटात असायची, आम्हा भावंडांच्या नाही. मिझोरामच्या मंडळ्यांमध्ये आजही घरोघरी स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात, आणि त्या तांदळाच्या विक्रीतून मिशनच्या कामाला मोठा हातभार लागतो. तिकडच्या बायका आणि तुझी आजी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत, पण रीत एकच.

मला तुला सांगायचं आहे ते ह्या लहान भाकरीत आहे. त्यागाची झळ देणाऱ्याला लागली पाहिजे. त्याच्यावर विसंबलेल्यांच्या ताटातून परस्पर उचलून दिलं तर त्याला त्याग म्हणता येत नाही.

मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभू ह्याच गोष्टीवर किती कडक बोलतो ते काढून वाच. आईबापांना ज्यातून मदत व्हायची ते "कुर्बान", म्हणजे देवाला वाहिलेलं, असं एकदा जाहीर केलं की मुलगा जबाबदारीतून मोकळा, अशी सोय लोकांनी करून ठेवली होती. प्रभू म्हणाला, तुम्ही आपल्या परंपरेनं देवाचं वचन रद्द करता. आम्हा दोघांना तुझ्या पैशाची गरज नाही, पप्पांची पेन्शन पुरते. पण धाकटीच्या नर्सिंगच्या फीचा निम्मा हप्ता तू भरशील असं तूच तिला सांगितलंस. ती त्या भरवशावर आहे. तो हप्ता देवाच्या नावावर दुसरीकडे वळवलास तर देव खूश होईल, असं मला वाटत नाही.

आता तू म्हणशील, मग त्या विधवेचं काय? तिनं तर मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, टाकली, सगळी उपजीविका टाकली. ही गोष्ट आपण सगळेच अर्धी सांगतो. मार्कच्याच बाराव्या अध्यायात तिच्या लगेच आधी प्रभू शास्त्र्यांबद्दल बोलतो, की हे विधवांची घरं गिळतात आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात. आणि मग ती विधवा येते. ती निघून गेल्यावर, मंदिराचे मोठमोठे चिरे पाहून शिष्य हरखतात, तेव्हा प्रभू म्हणतो, इथं चिऱ्यावर चिरा राहणार नाही. हे तिन्ही सलग वाच. तिच्या देण्याचा प्रभूनं मान केला, सगळ्या श्रीमंतांपेक्षा तिनं जास्त टाकलं असं म्हणाला, आणि ते खरंच आहे, कारण बाकीच्यांनी उरलेलं टाकलं होतं. पण तिचं घर रिकामं करणाऱ्यांना त्यानं सोडलं नाही. आणि उद्या तुला ह्याच्या शंभरपट मिळेल, असं तिला काहीही सांगितलं नाही. तिच्यानं दिल्याशिवाय राहवलं नाही, एवढंच. गरिबाच्या टोल्या हातात घेताना आपला हात थरथरला पाहिजे, असं मला नेहमी वाटतं.

मंडळीची खजिनदार म्हणून मी रविवारी उपासनेनंतर दोन वडिलांसमोर थैल्या उलट्या करते. पाचशेची कोरी नोट असते, तशी रुमालाच्या गाठीत राहून चुरगळलेली दहाची नोटही असते. ती कुणाची हे मला साधारण माहीत असतं. म्हणून हिशोबात एक रुपया इकडचा तिकडं झाला तरी मी जागची उठत नाही. हा काटेकोरपणा पौलाकडूनच घेतलाय. त्यानं वर्गणी एकट्यानं नेली नाही; तीत नावाच्या आपल्या सोबत्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊ पाठवला, आणि कारणही लिहिलं, की एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कुणी आपल्याला दोष लावू नये. प्रत्यक्ष पौलाला जर साक्षीदार लागत होते, तर त्या सभेचा हिशोब कोण तपासतं, हे विचारणं म्हणजे अविश्वास नाही. विचार. पावती माग.

दशांशाबद्दलही तू विचारलं होतंस. जुन्या करारात दशांश आहेच, पण त्यातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातल्या लेवी (देवाच्या सेवेतले लोक), उपरी (परके), अनाथ आणि विधवा यांनी पोटभर जेवावं म्हणून ठेवायला सांगितलाय. ही बाजू फार कमी वेळा सांगितली जाते. नव्या करारात मंडळ्यांना टक्का ठरवून दिलेला नाही. जक्कयानं अर्धी मालमत्ता दिली, बर्णबानं शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवले, आणि शेत विकून थोडे पैसे लपवून ठेवणाऱ्या हनन्याला पेत्र म्हणाला, विकायच्या आधी ते तुझंच नव्हतं काय? म्हणजे जबरदस्ती नव्हतीच. पाप होतं ते खोटेपणाचं. दहावा हिस्सा ही सुरुवात म्हणून चांगली सवय आहे. पुढं पगार वाढला की तिथंच अडकून बसू नकोस.

नगरहून रेल्वेनं जातोस तेव्हा दौंडनंतर केडगाव लागतं. तिथं एकदा उतरून पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन बघून ये. रमाबाईंनी १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात मुली उपाशी मरताहेत हे कळल्यावर त्या स्वतः तिकडं गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायकांना घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळानंतर तर तिथं दीड हजारांवर माणसं होती. भूक कशी असते हे ठाऊक असलेल्या बाईनं अख्खं आयुष्य त्यात घातलं, १९२२ मध्ये जाईपर्यंत.

आपल्या नगरच्या रेव्हरंड टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून दिली. त्यांची भजनं मी रोज म्हणते, त्यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. तरी हाताला येईल ते देऊन मोकळे होणाऱ्या नवऱ्याचा संसार लक्ष्मीबाईंनी कसा रेटला असेल, हे मनात आल्यावाचून राहत नाही. त्यांच्या देण्यातला अर्धा वाटा मी लक्ष्मीबाईंच्या नावावर धरते.

तेव्हा असं कर. पगार जमा झाला की खोलीचं भाडं, मेस, शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता आणि धाकटीची फी आधी बाजूला काढ. ही देणी देणं हाही विश्वासाचाच भाग आहे. मग जे उरेल त्यातून तुझी लहान भाकरी कुठली ते तू ठरव. नवा मोबाइल असेल, शनिवारचं हॉटेल असेल. त्यातलं काही मंडळीला दे आणि काही थेट माणसाला. तुमच्या ऑफिसातल्या सफाईवाल्या मावशींच्या मुलीची फी अडली आहे असं तूच म्हणालास. मोबाइलच्या स्टेटसवर काही टाकू नकोस, आणि मावशींना नजर खाली घालावी लागणार नाही अशा रीतीनं दे. तेवढं तुला जमतं. मित्राशी मात्र भांडू नकोस. तो भोळा आहे, त्याच्याबरोबर बसून वर सांगितलेले अध्याय शांतपणे वाच.

शेवटी किती दिलंस ते मला कळवू नकोस. विचारणारही नाही.

पप्पांचा खोकला कमी आहे. कापणीच्या सणाचा लिलाव पुढच्या महिन्यात आहे, सुट्टी मिळाली तर ये. शेवंताबाईंच्या कोंबडीवर पप्पा ह्याही वर्षी बोली लावणार आहेत. धाकटीला रविवारी फोन कर.

तुझी,
आई