कादंबऱ्या ऐकून राहिलो, त्याबद्दल

नागपूर
डिसेंबरचा पहिला रविवार

प्रिय सुध्या,

त्या दिवशी फोनवर तू म्हणाला, "ऑडिओबुक म्हणजे आळशी माणसाचं वाचन." वरून हेही विचारलं, की ऐकता ऐकता झोप नाही लागत का बे. तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं तर नेहमीसारखी आपली जुंपली असती आणि मुद्दा बाजूलाच राहिला असता. म्हणून हे पत्र. आरामात वाच. ऐकायची सोय नाही.

झोप लागते, खोटं का बोलू. पण ती लेखकामुळे कमी आणि वाचणाऱ्यामुळे जास्त. इतक्या कादंबऱ्या कानाखालून गेल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. आपल्याकडे आता लिहिलं जातं ते बरं असतं, त्याला आवाज मात्र भलत्याचेच लावतात.

बुटीबोरीचं माझं जाणं-येणं तुला ठाऊक आहे. छत्रपती चौकातून पुढे निघालं की डोक्यावर मेट्रो, बाजूला ट्रक, एका खेपेला तासभर. तीनशे पानांची कादंबरी ऐकायला आठ-दहा तास लागतात, म्हणजे आठवड्याला एक सहज होते. पूर्वी याच रस्त्यावर एफएमवरची तीच ती गाणी आणि सराफांच्या जाहिराती ऐकायचो. तेव्हा मला कोणी आळशी म्हटलं नाही.

आणि ऐकणं हे काही मोबाईलबरोबर आलेलं खूळ नाही. स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकायचं ॲप स्वीडनहून २०१७ साली भारतात आलं हे खरं. पण म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या लीळा कशा जमवल्या? ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांना गाठून, विचारून विचारून. मराठी गद्याचं हे पहिलं मोठं काम झालं रिद्धपुरात, आपल्या अमरावती जिल्ह्यात. पुण्यात राहून तू हे विसरला असशील म्हणून आठवण करून दिली.

आता मुद्द्याचं. छापील पानावर डोळा लेखकाला बरंच माफ करून पुढे सरकतो. कानाला तशी सवलत देता येत नाही, कारण प्रत्येक शब्द कोणीतरी उच्चारून दाखवतो. आपल्या नव्या कादंबऱ्यांतला एक रोग मला ऐकताना कळला, वाचताना कधीच कळला नव्हता. "सकाळ झाली होती. अंगणात ऊन आलं होतं. आजी उठली होती. तिने चहा ठेवला होता." पानावर हे खपून जातं. कानात मात्र नळाचा वॉशर गेल्यासारखं होतं, होतं, होतं असं टपटपत राहतं, आणि जामठ्याच्या पुढे गेल्यावर मी स्टिअरिंगवर हात आपटतो. क्रियापद शेवटी येणारी आपली भाषा. लेखकाने स्वतः एकदा मोठ्याने वाचून पाहिलं असतं तर निम्मे "होतं" त्यानेच काढले असते. जे लेखक लिहिताना पुटपुटतात ते दुसऱ्या मिनिटाला ओळखू येतात. त्यांची वाक्यं कुठे लांब, कुठे तुटक, आणि श्वास बरोबर जागेवर.

अनुवादित थ्रिलर तर कान सोलून काढतो. इन्स्पेक्टर "खांदे उडवतो", नायिका "इतका वेळ रोखून धरलेला श्वास सोडते", कोणीतरी "दिवसाच्या शेवटी" काहीतरी म्हणतं. वाचणाऱ्या बिचाऱ्याचा काय दोष? तो जीव तोडून वाचतो, पण वाक्यच मराठी नसेल तर त्याला सूर लावायला जागा कुठे मिळणार.

वाचणाऱ्यांचा दोष दुसरीकडे आहे. पुरुष वाचत असला आणि बाईचा संवाद आला की याचा आवाज एकदम पातळ होतो. बाई वाचत असली की सासरा घशातून गुरगुरतो. अरे, कशाला? आपल्या भाषेत "मी निघते" म्हटलं की बोलणारी बाई आहे हे क्रियापदच सांगून मोकळं होतं. "मी निघतो" म्हटलं की बाप्या. इंग्रजीत वाचणाऱ्याला आवाज बदलावा लागत असेल, तिथे "मी जातो" आणि "मी जाते" एकच. आपल्याला व्याकरणाने फुकट सोय करून दिली आहे, ती वापरायची सोडून हे लोक नकला करतात. मला आवडलेल्या वाचणाऱ्यांत एक गोष्ट सारखी आहे: ते पात्र होत नाहीत, पात्राच्या शेजारी उभे राहतात. किंचित वेग बदलतात, एखादा शब्द मागे ठेवतात, बस. एका लेखिकेच्या कथेत नवरा-बायको अर्धा तास फक्त घराच्या हप्त्यांबद्दल बोलतात. वाचणारीने त्यात एकदाही आवाज चढवला नाही. खापरीच्या सिग्नलवर हिरवा दिवा लागला तरी मी थांबलेलो होतो, मागून हॉर्न वाजले.

पार्श्वसंगीताबद्दल काय लिहू. दुःख आलं की बासरी, संशय आला की पियानोच्या दोन खालच्या पट्ट्या. दार उघडलं की किर्रर्र, ते मुंबईच्या तेविसाव्या मजल्यावरच्या नव्या फ्लॅटचं दार असलं तरी. आपल्या लहानपणी आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावर श्रुतिका लागायच्या ना? ते केंद्र १९४८ चं, साधनं बेताची, पण तिथल्या माणसांना कुठे थांबायचं हे कळत होतं. कपबशी वाजली की चहा आला, चपला वाजल्या की पाहुणा आला, बाकी सगळं बोलण्यात. आत्ता आवाजाची लायब्ररी हाताशी आहे म्हणून ती पूर्ण ओतायची असा प्रकार चालतो.

खास ऐकण्यासाठी लिहून घेतलेल्या मालिका मी भरपूर ऐकल्या. दहा-दहा भाग, प्रत्येक भागाच्या शेवटी कोणाचा तरी फोन वाजतो किंवा कोणी तरी दार ठोठावतं. पोलीस अधिकारी घटस्फोटित आणि दारू पिणारा, बॉस मूर्ख, खुनी आधीच्या भागात चहा देऊन गेलेला. भुताच्या कथेत कोकणातला वाडा ठरलेला. विदर्भात भुतं नाहीत की काय? अर्धं मेळघाट पडून आहे. गंमत म्हणजे तरीही मी ऐकतो. शनिवारी रात्री पुढचा भाग ऐकायला पार्किंगमध्ये गाडीत बसून राहतो, ही वरून ओरडते. रहस्यकथा कानाला धरतेच, आणि हे आजचं नाही. १९३५ साली ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी पहिली बोलकी पुस्तकं तबकड्यांवर काढली, त्या पहिल्याच खेपेत अगाथा ख्रिस्तीची एक रहस्यकथा होती.

हे सांगायचं कारण आई. तिला आता वाचता येत नाही. मोठ्या अक्षरातलं काही दिवस चाललं, मग तेही सुटलं. मी तिला स्पीकर आणून दिला. ती तुरीच्या शेंगा सोलत ऐकते आणि तिच्यासारखा समीक्षक मी पाहिला नाही. एका ऐतिहासिक कादंबरीत वाचणारा प्रत्येक वाक्याला गडावरून ललकारी दिल्यासारखा ओरडत होता. आई म्हणाली, "याले सांग, मी इथंच बसली आहे." एका गाजलेल्या प्रेमकथेला तिने दहा मिनिटं दिली आणि म्हणाली, "हा वाचून राहिला का रडून राहिला?" बंद.

आणि मग ती कादंबरी आली, जिच्यामुळे मी हे सगळं लिहायला बसलो. नाव लिहीत नाही, कारण लेखक चांगला आहे आणि त्याचा यात काही गुन्हा नाही. यवतमाळकडचं गाव, कापसाचं घर, थोरला भाऊ सावकाराकडून परत येतो तो प्रसंग. मी ती आधी छापील वाचली होती, म्हणून आईला मुद्दाम लावून दिली. तिचं माहेर त्याच पट्ट्यातलं. निवेदन ठीक चाललं होतं. थोरला भाऊ ओट्यावर येऊन बसला आणि धाकट्याला म्हणाला, "काऊन बे, जेवला का?" इतकंच वाक्य. वाचणाऱ्याने "काऊन" असं काही लांबवलं आणि "बे" वर अशी उडी घेतली, की टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमातला गडी येऊन उभा राहिला. ज्या माणसाचं शेत गेलं त्याच्या तोंडी! आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मेलेल्या घरी असं कोनी बोलते का रे?" तिने विचारलं. मी काय सांगणार होतो.

आपल्याकडचा माणूस खचला की आवाज सपाट होतो. हेल असतो, पण तो वाक्याच्या पोटात, शेपटीला नाही. लेखकाने तो लिहिला होता, वाक्याच्या ठेवणीतच होता, फक्त तो न ओढता वाचायला हवा होता. पण वऱ्हाडी म्हटली की ती हसण्यासाठीच, हे इतकं मुरलं आहे की स्टुडिओत काचेपलीकडे बसलेल्यांपैकी कोणालाच खटकलं नसावं. नायक शहरात शिकून आला की लगेच प्रमाण मराठी बोलतो, नोकर, ड्रायव्हर आणि दारुड्या तेवढे वऱ्हाडी. नागपुरात डॉक्टर, वकील, प्रोफेसर घरी कसे बोलतात ते एकदा येऊन ऐका म्हणावं. "मी येऊन राहिलो" म्हणणारा हायकोर्टात युक्तिवादही करतो.

तू म्हणशील, वाचणारे मिळत नसतील. मिळतात रे. राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रावर दर वर्षी किती संघ उतरतात. वडसा, गडचिरोलीकडे झाडीपट्टीची नाटकं दिवाळीनंतर सुरू होतात, ती माणसं रात्रभर मंडपातल्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवतात, आणि हळवा प्रसंग आला की तोच आवाज खाली आणतात. त्यांची बोली झाडी, वऱ्हाडीहून वेगळी, पण तो फरक त्यांना कळतो, पुण्यातल्या स्टुडिओला कळत नाही. कोणी बोलावतच नाही तर ते जाणार कुठे.

यंत्राच्या आवाजाचंही आता सुरू झालं आहे. ॲपलने २०२३ च्या जानेवारीत इंग्रजी पुस्तकांसाठी तो आणला. मराठीतलं असंच एक यंत्रवाचन पोराने मला ऐकवलं. "जरा थांब" मधला "जरा" त्याने म्हातारपणातल्या "जरा" सारखा उच्चारला. थोडं थांबायला सांगणारी मुलगी एकदम संस्कृत बोलायला लागली. हसून घेतलं, पण मनात आलं, निदान ते यंत्र आमची टिंगल तरी करत नाही.

ऐकायला सगळंच चांगलं नसतं, हेही कबूल. तीन पिढ्यांचा, चुलत-मावस गोतावळ्याचा पसारा असेल तर पुस्तकच घे. पानं मागे उलटून "हा कोण बुवा" बघता येतं. पंधरा सेकंद मागे जाण्याचं बटण दाबून दाबून अंगठा दुखतो. वेग वाढवून ऐकणारे लोक माझ्या ऑफिसात आहेत, दीडपट वेगाने कादंबरी संपवतात आणि मोजून सांगतात. विराम गेला की काय ऐकलं यांनी, देव जाणे. कानासाठी सर्वांत चांगल्या लघुकथा. एका खेपेत एक संपते, आणि परतीच्या वाटेवर काही न लावता तीच डोक्यात फिरते. पण ॲपवर त्या खाली कुठेतरी ढकललेल्या असतात, वर सगळे खून.

उन्हाळ्यात मात्र घरी ऐकणं बंद. नवतपात कूलर फुल स्पीडवर असला की माणसाचा आवाज माणसाला ऐकू येत नाही, तिथे निवेदकाची काय कथा. म्हणून आई म्हणते, जे चांगलं असेल ते फेब्रुवारीच्या आत ऐकवून टाक. तेव्हा तुझ्याकडे दोन कामं आहेत.

एक, सोबत चिठ्ठीवर काही कथांची नावं पाठवली आहेत, त्यातली पहिली रात्री अंथरुणात नाही, चालताना ऐक. मग आळशी कोण ते बोलू. दुसरं, तुझा भाचा तिकडे रेकॉर्डिंग स्टुडिओत आहे ना? त्याला नीट विचार, आवाजाच्या चाचण्या पुण्या-मुंबईबाहेरच्यांच्या घेतात का, नमुना फोनवर रेकॉर्ड करून पाठवला तर चालतो का, की तिथे येऊनच द्यावा लागतो. माझ्या माहितीत इथे दोघं आहेत. एक नाटकवाला, एक शाळेत मराठी शिकवणारी. यवतमाळच्या त्या प्रसंगातलं एक पान दोघांकडून वाचून घेतलं आहे. मास्तरीणबाईंचं आईला पसंत पडलं, नाटकवाल्याला तिने पुन्हा वाचायला सांगितलं आहे. भाच्याचं उत्तर आलं की लगेच कळव, मी दोन्ही फाइली पाठवतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
वसंता

ता. क. नाटकवाल्याने पुन्हा वाचलं. आई म्हणाली, "आता बरं आहे, पन अजून थोडा कमी."