चार मित्र, पण एक वर्ग नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत परदेशी विनोदी मालिकांवर आलेला लेख वाचला. त्यात ‘द इनबिट्विनर्स’ या ब्रिटिश मालिकेचा निकाल दोन ओळींत लावून टाकला आहे : मुली आणि दारू यांच्या मागे लागलेली चार मध्यमवर्गीय पोरे, आणि भाषा गलिच्छ. भाषेबद्दल माझा वाद नाही. घरच्यांबरोबर बसून बघायची ही मालिका नव्हेच. पण ‘चार मध्यमवर्गीय पोरे’ हे अजिबात पटले नाही. ही पोरे एका सामाजिक वर्गातली नाहीत, आणि मालिकेतला बराचसा विनोद तिथूनच उगवतो.

मी लंडनच्या वायव्येला हॅरो भागात राहते आणि सरकारी माध्यमिक शाळेत शिकवते. मालिकेतल्या शाळेचे चित्रण ज्या रायस्लिप हायस्कूलमध्ये झाले, ते इथून फार लांब नाही. लेखकाला जी पोरे सारखीच दिसली, त्यांच्यासारखी मुले माझ्या वर्गात रोज शेजारी शेजारी बसतात. म्हणून हे पत्र.

ही मालिका २००८ ते २०१० या काळात ई-फोर वाहिनीवर आली. तीन पर्वे, अवघे १८ भाग. पहिल्याच भागात विल मकेंझी हा मुलगा खासगी शाळा सोडून रज पार्क या सरकारी शाळेत दाखल होतो, कारण आईवडिलांचा घटस्फोट झाल्यावर फी परवडेनाशी होते. इंग्लंडमध्ये शंभरातली साधारण सात मुले फी भरून खासगी शाळेत शिकतात. वरिष्ठ न्यायाधीशांमध्ये पाहिले, तर त्या शाळांतून आलेल्यांचे प्रमाण याच्या कितीतरी पट असते. एवढ्या वरच्या पायरीवरून विल खाली आला आहे. बाकीची मुले पाठीवर सॅक टाकून येतात, हा हातात ब्रीफकेस घेऊन येतो. शिक्षकांशी बरोबरीच्या नात्याने, पूर्ण वाक्यांत बोलतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते विलकडे बघून पटते. त्या ब्रीफकेसवरून त्याला जी शिवी पडते, ती इथल्या शाळांच्या आवारात पुढे कितीतरी वर्षे ऐकू येत होती.

बाकीच्या तिघांपैकी सायमन कूपरचे घर सुस्थितीतले, आईवडील समजूतदार. तो गाडी चालवण्याची परीक्षा पास झाला की घरून त्याला गाडी मिळते. गाडी छोटी, पिवळी, त्याला लाज वाटेल अशी, आणि लवकरच तिला एक लाल दार बसवावे लागते. पण चौघांत गाडी आहे ती त्याच्याचकडे. तिसरा मित्र जे कार्टराइट, त्याचे वडील बांधकामाची यंत्रे भाड्याने देतात. त्यांच्याकडे पैसा कूपरांपेक्षा कमी असेलच असे नाही. पण सुट्टी म्हणजे कॅम्बर सँड्सच्या किनाऱ्यावरचा कॅरॅव्हॅन (चाकांवरच्या घरांचा) क्लब, आणि वडील मुलाला मित्रांसमोर घालूनपाडून बोलणार. नील सदरलंडची आई घर सोडून गेलेली, घरचे वडिलांच्या भरवशावर दिवस ढकलतात. ब्रिटनमध्ये वर्ग ठरतो तो नुसत्या पगारावर नाही. शाळा कोणती, सुट्टीला कुठे जाता, सोळाव्या वर्षी पुढचे काय गृहीत धरलेले असते, यावर तो ठरतो. विलच्या वाढदिवसाचा भाग बघा. घर रिकामे मिळाल्यावर कोणताही मुलगा धिंगाणा घालेल. विल टेबल मांडून मित्रांना रीतसर जेवायला बोलावतो. ही हौस त्याने घरातल्या मोठ्यांकडून उचलली आहे, आणि मित्रांना त्यात काय मजा, हे काही केल्या कळत नाही.

गाडीतून जाताना बसथांब्यावर उभ्या असलेल्या लोकांना जे कार्टराइट शिवी हासडतो, तो प्रसंग तर जगप्रसिद्ध झाला. ज्याची स्वतःची गाडी नाही, मित्राच्या गाडीत जो पाहुणा आहे, तोच बसने जाणाऱ्यांना कमी लेखतो. एका पायरीचा फरक दाखवायची घाई त्या पायरीच्या काठावर असलेल्यालाच जास्त असते.

पण माझ्या मते खरा कस लागतो तो दुसऱ्या पर्वातल्या कामाच्या अनुभवाच्या भागात. शाळेतल्या मुलांना काही दिवस बाहेर प्रत्यक्ष कामावर पाठवतात, त्यावर तो बेतलेला आहे. विलने वर्तमानपत्राचे कार्यालय मागितलेले असते. गोंधळ होऊन तिथे नील जातो आणि विलच्या वाट्याला गॅरेज येते. आपल्यासारख्या हुशार मुलाला गॅरेजमध्ये पाठवणे ही चूकच असणार, हे तो मिस्टर गिल्बर्ट या शिक्षकांना पटवू बघतो. त्यांना त्याचे सोयरसुतक नसते. गॅरेजमधली माणसे त्याचा हा तोरा ओळखतात, त्याची मनसोक्त टर उडवतात आणि शेवटी त्याला तळ्यात फेकून देतात. बघणाऱ्याची सहानुभूती त्या वेळी विलकडे राहत नाही, आणि हे मालिकेच्या लेखकांनी जाणूनबुजून केले आहे.

आमच्या शाळेत या जागा जुळवण्याचे काम माझ्याकडे आहे. फॉर्मवर एक रकाना असतो : घरच्यांच्या ओळखीने जागा मिळाली आहे का? ज्यांच्या घरी वकील, डॉक्टर, हिशेबतपासनीस आहेत, त्यांचा हा रकाना लगेच भरून येतो. ‘काकांचे ऑफिस’, ‘आईची मैत्रीण, आर्किटेक्ट’. बाकीच्यांचे फॉर्म कोरे येतात. मग मी फोन करत बसते आणि त्यांच्यासाठी केस कापायचे दुकान, सुपरमार्केट किंवा टायरवाला मिळतो. २०१२पासून चौदा ते सोळा वयाच्या मुलांसाठी ही सोय करणे शाळांवर बंधनकारक राहिले नाही, त्यामुळे कोऱ्या रकान्याच्या मुलांचे आणखी कठीण झाले. मालिकेत चिठ्ठ्यांची अदलाबदल होते आणि नील मजेत वर्तमानपत्राच्या कार्यालयात जाऊन बसतो. प्रत्यक्षात अशी चूक मी कधी पाहिली नाही. डॉक्टरांचा मुलगा टायरवाल्याकडे जात नाही आणि टायरवाल्याची मुलगी चुकून दवाखान्यात पोहोचत नाही.

मालिकेत दोष आहेतच. सगळी गोष्ट विलच्या तोंडून सांगितलेली आहे. त्यामुळे जेच्या घरचा उग्रपणा आणि नीलचा भोळसटपणा आपण खासगी शाळेतल्या मुलाच्या नजरेने बघतो. नीलला काय वाटते, हे जाणून घ्यायला मालिका क्वचितच थांबते. तो मूर्ख आहे एवढ्यावर काम भागवले जाते, आणि मला हे खटकते. त्याच्यासारखी मुले मी शिकवली आहेत. शांतपणे विचारले तर ती खूप काही सांगतात. शिवाय लंडनच्या आसपासचे उपनगर दाखवायचे आणि त्यात आमच्यासारखी भारतीय घरे जवळजवळ नसावीत, हेही खरे वाटत नाही.

इथल्या मराठी घरांनाही हा वर्गाचा हिशेब चुकलेला नाही. पंडित नेहरू शिकले ती खासगी हॅरो स्कूल ज्या टेकडीवर उभी आहे, तिच्या पायथ्याशी आपली कुटुंबे राहतात आणि मूल नऊ वर्षांचे झाले की जवळच्या स्लाऊ गावातल्या ग्रामर शाळांच्या (परीक्षा घेऊन मुले निवडणाऱ्या सरकारी शाळांच्या) प्रवेशपरीक्षेसाठी शिकवणी लावतात. फी न भरता वरची पायरी मिळावी, यासाठी ही सगळी धडपड.

या मालिकेची अमेरिकी आवृत्ती एमटीव्हीने २०१२मध्ये काढली. चौघांची नावेसुद्धा तीच ठेवली. ती एका पर्वातच बंद पडली. त्यामागे इतर कारणेही असतील. पण ब्रीफकेस आणि कॅरॅव्हॅन यांचा इथला अर्थ समुद्रापलीकडे नेता येत नाही, हे मला त्यातले मोठे कारण वाटते. आपल्या लेखकाचीही तीच गत झाली आहे. वर्ग दिसला नाही, म्हणून वात्रटपणा तेवढा उरला.

आणखी एक गोष्ट पुरवणीत यायला हवी होती. मालिकेचा शेवटचा भाग १८ ऑक्टोबर २०१० रोजी दाखवला गेला. त्याच आठवड्यात सरकारने इंग्लंडमधला शिक्षणभत्ता बंद करण्याचे जाहीर केले. गरीब घरातल्या मुलांनी सोळाव्या वर्षानंतरही शाळेत राहावे म्हणून आठवड्याला ३० पौंडांपर्यंत मिळणारी ही रक्कम होती. त्यानंतर डिसेंबरमध्ये विद्यापीठांची कमाल फी वर्षाला ९,००० पौंडांपर्यंत नेण्याचा ठराव संसदेत मंजूर झाला आणि २०१२पासून ती लागू झाली. बसभाडे आणि जेवण त्या ३० पौंडांत भागवणारी मुले होती. विल आणि नील एकाच बाकावर बसत होते, त्यात त्या भत्त्याचाही वाटा होता.

लेखाचा उत्तरार्ध पुढच्या रविवारी येणार असे म्हटले आहे. त्यात या मालिकेबद्दल पुन्हा लिहिणार असाल, तर निदान तो गॅरेजचा भाग लेखकाने एकदा नीट बघावा, अशी कळकळीची विनंती आहे.

आपली नियमित वाचक,
हॅरो, लंडन