रूममेट बदलला, करार जुनाच

संपादक महोदय,

जून-जुलै आला की पुण्यात मुलांची खोल्या बदलायची धांदल उडते आणि घरमालकांचे फोन वाजू लागतात. ‘काका, मला बंगळूरला नोकरी लागली. माझ्या जागी मित्र येतोय, उद्या सामान आणतो.’ कर्वेनगरातला माझा फ्लॅट मी तिघा मुलांना २४ हजार भाड्याने, ७५ हजार डिपॉझिट घेऊन दिला होता. पहिल्यांदा असा फोन आला तेव्हा ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणून मोकळा झालो. भाडं वेळेवर येत होतं ना!

मुदत संपताना घोळ कळला. नव्या मुलाने डिपॉझिटचे २५ हजार जुन्याच्या हाती दिले होते आणि आता ते माझ्याकडे मागत होता. करारावर नाव जुन्याचं, पावतीही त्याचीच. भिंतीवरचे डाग कोणाच्या काळातले, हेही कोणी सांगेना. तेवढ्यात सोसायटीच्या सचिवांनी विचारलं, ‘तो उंच मुलगा कोण? पोलिसांकडे नोंद केलीत?’ मला त्याचं आडनावसुद्धा ठाऊक नव्हतं.

लिव्ह अँड लायसन्सने, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं घर वापरू देणाऱ्या कराराने, मिळालेला राहण्याचा परवाना ज्याचा त्याला असतो. १८८२च्या सुविधाधिकार कायद्यानुसार तो परस्पर दुसऱ्याला देता येत नाही. करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ने मालकावर टाकली आहे. ती चुकवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलांना बोल लावण्याआधी मी हे वाचायला हवं होतं.

पुढच्या वेळी रूममेट बदलला तेव्हा सामान येण्याआधी नव्या मुलाला घरी बोलावलं, चहा दिला, कागदपत्रं पाहिली. जात, गाव, ताटात काय असतं हे विचारलं नाही. काही मालक तेवढंच विचारतात. जाणाऱ्याकडून लेखी घेतलं, चौघांसमोर भिंतींचे फोटो काढले, त्याचं डिपॉझिट मी परत केलं आणि नव्याचं माझ्या खात्यात घेतलं. ‘नको, मित्र नको’ असं म्हणून जाणाऱ्याला अडकवण्यातही अर्थ नव्हता. नोकरी परगावी लागली, त्याने तरी काय करावं?

एजंटाने मात्र एका नावासाठी अख्खा नवा करार करायला लावला. ११ महिन्यांचं मुद्रांक शुल्क जेमतेम ६८० रुपये, नोंदणीचे हजार, वर एजंटाची फी. खरी दमछाक झाली ती सगळ्यांना नोंदणीसाठी अंगठ्याचा ठसा द्यायला एका वेळी गाठताना. एकाची रात्रपाळी, दुसरा सांगलीला. नोंदणी विभागाने चालू करारातलं एक नाव बदलण्यापुरता छोटा ऑनलाइन पुरवणी करार ठेवावा आणि त्याच अर्जातून पोलिसांनाही नव्या भाडेकरूची माहिती जावी. त्यासाठी वेगळं शुल्क लावलं तरी मी आनंदाने भरीन.

– एक घरमालक, कर्वेनगर, पुणे