गोळीच्या आधीचं सांगा की

मा. संपादक,
रविवारच्या पुरवणीत पाळी गेल्यानंतर बायांना लघवीची सारखी घाई होते त्यावर लेख आला, विषय काढला हे बेस केलं, पण सगळा भर गोळ्यांवर, ते काही पटलं नाही. आधी लघवी तपासून इन्फेक्शन अन् शुगर नाही ना ते बघायचं, मग घाई झाली तरी लगेच न धावता थोडं थांबायचं, दोन वेळांमधलं अंतर हळूहळू वाढवायचं अन् सोबत कीगलचे व्यायाम (लघवी रोखायचे स्नायू आवळायचे अन् सोडायचे), पुष्कळ जणींना काही आठवड्यांत फरक पडतो अन् पैसा लागत नाही. या घाईवरच्या गोळ्यांपैकी ऑक्सिब्युटिनिननं तोंड कोरडं पडतं, संडासला कडक होते, वयस्कर बाईचा विसरभोळेपणा वाढू शकतो. दुसरी गोळी मिराबेग्रॉन, तिनं बीपी वाढू शकतो. योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमचा तर लेखात उल्लेखही नाही, डॉक्टरला विचारून लावली तर बऱ्याच जणींना तिचा फायदा होतो.

आमच्या इकडं कापूस वेचायला जाणाऱ्या बाया पाण्याची बॉटल भरून नेतात अन् संध्याकाळी अर्धी तशीच वापस आणतात, कारण वावरात आडोसाच नाही (वर चाय मात्र तीन-चारदा). पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, मूत्राशयाची जळजळ होते अन् घाई उलट वाढते, हे त्यांना कोणी सांगतच नाही. पुढच्या पुरवणीत हे व्यायाम चित्रांसकट छापा, गावच्या आशा सेविकेला तेच कात्रण बायांना दाखवता येईल.

– एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती