‘आयलंड ऑफ टेरर’ची अशी बोळवण नको

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या विज्ञानपटांवरचा लेख वाचला. त्यात टेरेन्स फिशर यांच्या १९६६ च्या ‘आयलंड ऑफ टेरर’ची ‘रबरी राक्षसांचा सिनेमा’ म्हणून एका ओळीत बोळवण केली आहे. मला ते लागलं. मिरजेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी तीस वर्षं तंत्रज्ञ होते.

आयर्लंडच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर डॉ. फिलिप्स कर्करोगाशी लढणाऱ्या जिवंत पेशी तयार करायला जातात आणि जन्माला येतात हाडं शोषून घेणारे ‘सिलिकेट’ नावाचे जीव. पहिलं प्रेत सापडतं, त्यात हाडच नसतं. ते पाहताना माझ्या अंगावर काटा आला. हाडाची बायॉप्सी आली की आम्ही तो तुकडा आम्लात ठेवायचो. काही दिवसांनी त्यातला चुना निघून जायचा. मग चिमट्यात धरलेला तुकडा रबरासारखा वाकायचा, टाचणी टोचली तर आरपार जायची. आकार तसाच, फक्त ताठपणा गेलेला.

त्या जीवांवरचा उताराही विचार करून शोधलेला आहे. स्ट्रॉन्शियम-९० हे कॅल्शियमचं किरणोत्सारी भावंड. शरीर ते हाडांत साठवतं. म्हणून ते गुरांच्या अंगात भिनवतात आणि गुरं त्या जीवांपुढे सोडतात. अणुचाचण्यांच्या धुळीतून हेच स्ट्रॉन्शियम गवतात आणि गवतातून दुधात उतरत होतं. १९६३ च्या चाचणीबंदी करारामागे त्या धास्तीचाही वाटा होता. त्या वेळच्या प्रेक्षकाला हे नाव नवं नव्हतं.

सिलिकेट दिसायला बेताचे आहेत, हे मान्य. पण दर सहा तासांनी एकाचे दोन होतात. मी कागदावर मांडून पाहिलं, एकापासून पाच दिवसांत दहा लाखांच्या वर! डॉक्टरची भूमिका करणाऱ्या पीटर कुशिंगच्या हाताला विळखा बसतो आणि सोबतचा डॉक्टर कुऱ्हाडीनं तो हात तोडतो, तेव्हा रबर कुणाला आठवतं?

डॉ. फिलिप्स दुष्ट नाहीत. कर्करोगाच्या स्लाइड रोज हाताळलेल्या बाईला त्यांची घाई कळते. ते गेल्यावर काय घडलं याचा माग लागतो तो त्यांच्या टिपणांवरून. रजिस्टर भरण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, पण मला तो भाग सगळ्यात खरा वाटला.

शेवटी तोच प्रयोग टोकियोतल्या एका प्रयोगशाळेत सुरू असल्याचं दिसतं. पुढच्या लेखात त्या दृश्याबद्दल अवश्य लिहावं, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त लॅब तंत्रज्ञ, मिरज