गाडीची लांबी मोजून काय होणार?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागे तुमच्या रविवार पुरवणीत व्हॅनमध्ये राहून देशोदेशी फिरणाऱ्या लोकांवर लेख आला होता. फोटो मस्त होते, समुद्राकाठी उभी व्हॅन, मागचं दार उघडं, हातात कॉफीचा मग वगैरे. तो वाचून डोंबिवलीहून आमच्या मामीचा लगेच फोन, तुमच्या कॅलिफोर्नियात असले लोक खूप असतील ना गं, मज्जा आहे बाई त्यांची. आता मामीला फोनवर किती सांगणार म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. गाडीत राहणारे लोक आमच्याकडे आहेतच, पण त्यातल्या बहुतेकांना कुठेही फिरायला जायचं नसतं. त्यांना पहाटे उठून कामावर जायचं असतं आणि रात्री पाठ टेकायला जागा हवी असते, घरभाडं परवडत नाही म्हणून ते रस्त्याच्या कडेला गाडीत राहतात.

मी माउंटन व्ह्यूला राहते. गूगलचं हेडऑफिस असलेलं गाव. इथे रेंगस्टॉर्फ पार्कच्या शेजारी कॅलट्रेनच्या रुळांना लागून क्रिसांटो अ‍ॅव्हेन्यू नावाचा रस्ता आहे, काही वर्षांपूर्वी त्याच्या कडेने एकाला एक लागून आरव्ही उभ्या असायच्या. आरव्ही म्हणजे घरासारखी मोठी गाडी, आत ओटा, बेड, छोटंसं संडास-बाथरूम. पण पुरवणीतल्या चकचकीत नाही हां, या वीस-तीस वर्षं जुन्या, कुणीतरी टाकून द्यायच्या बेतात असताना स्वस्तात घेतलेल्या. टपावर निळी ताडपत्री आणि ती उडू नये म्हणून वर जुने टायर, खिडक्यांना आतून चंदेरी कागद, दाराशी पायपुसणं, त्यावर चपलांचे चार जोड, आणि पुढच्या काचेमागे पिवळं हेल्मेट. म्हणजे राहणारा बांधकामावर जाणारा. कोणी हॉटेलात भांडी घासतं, कोणी बागकाम करतं, कोणी लोकांची घरं साफ करतं, कोणी दिवसभर उबर चालवतं. ज्या गावात सकाळी कामाला यायचं त्याच गावात रात्री झोपायला जागा नाही, आणि स्वस्त घर शोधायचं तर ट्रेसी-मँटेकाकडे जायचं, तिथून रोज येता-जाता एका बाजूला दोन-दोन तास. बदलापूर-सीएसटी करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, फक्त इथे मुंबईच्या लोकलसारख्या घडोघडी गाड्या नाहीत.

आमच्या कॉम्प्लेक्सचं गवत कापायला येणाऱ्या टीममधले एक गृहस्थ असेच राहायचे, बायको आणि शाळेत जाणारी मुलगी धरून तिघं. त्यांच्याशी बोलताना मला कळलं की यात खरी दमछाक कशाची असते, तर गाडी हलवण्याची. इथे बऱ्याच गावांत नियम आहे की रस्त्यावर एकाच जागी गाडी ७२ तासांच्या वर ठेवायची नाही, ठेवली तर टो. आपल्याला वाटतं त्यात काय, चावी फिरवायची आणि पुढे न्यायची. पण घर हलवायचं असतं ते! गॅस बंद करायचा, ओट्यावरची भांडी सिंकमध्ये टॉवेलात गुंडाळून ठेवायची, कपाटांच्या दारांना दोऱ्या बांधायच्या, चाकांखालचे लाकडाचे ठोकळे काढायचे, मग इंजिन चालू करायचं, ते कधीच पहिल्या झटक्यात चालू होत नाही, मग शेजारच्या गाडीवाल्याकडून केबल लावून बॅटरी जिवंत करायची, आणि एवढं सगळं करून पुढच्या चौकात जावं तर तिथे आधीच दुसरा येऊन उभा. हे दर तीन दिवसांनी, दिवसभर उन्हात गवत कापून आल्यावर. आणि गाडी बंदच पडली तर टो करून नेतात, सोडवायचे पैसे भरता भरता दंड रोज वाढत जातो, कपडे औषधं मुलीची वह्या-पुस्तकं सगळं त्या गाडीतच. आपली गाडी टो झाली की आपण चिडून घरी येतो, यांनी कुठे यायचं?

आता आजूबाजूला राहणाऱ्यांचं. त्यांच्या सगळ्या तक्रारी खोट्या आहेत असं मी मुळीच म्हणणार नाही. मुख्य तक्रार घाण पाण्याची. गाडीतल्या संडासाची टाकी भरली की ती रिकामी करायला ठरावीक ठिकाणीच जावं लागतं, ती ठिकाणं लांब, त्याला पैसे पडतात आणि वर गाडी तिथवर पोचेल याची खात्री नाही, मग काही जण रात्री रस्त्याकडेच्या पावसाच्या गटारात पाइप सोडतात. हे गटार ड्रेनेजला जोडलेलं नसतं, ते पाणी प्रक्रिया न होता ओढ्यातून थेट खाडीत जातं, गटाराच्या तोंडाशी माशाचं चित्र काढून तसं लिहिलेलंही असतं. हा प्रकार घाणेरडाच आहे आणि त्यावर दंड झालाच पाहिजे. जनरेटरचा रात्रभर आवाज, वळणावर उंच गाडी उभी असल्यामुळे समोरून येणारी सायकल न दिसणं, कचऱ्याचे ढीग, मधूनच लागणारी आग, हेही खरंय. शिवाय काही लोक चार-पाच मोडक्या आरव्ही विकत घेऊन रस्त्यावर लावतात आणि गरिबांना भाड्याने देतात, जागा पालिकेची आणि भाडं यांच्या खिशात. आपल्याकडचे झोपडीदादा आठवले ना, तेच.

पण आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे चालतं ते वेगळंच. ग्रुप आपल्याच लोकांचा, गणपतीला ढोलताशा वाजवणारे, गोडा मसाला कुठे मिळतो विचारलं की पाच मिनिटात वीस उत्तरं देणारे प्रेमळ लोक. पण आरव्हीचा फोटो पडला की सूर बदलतो. आपण एवढे मिलियन घालून घर घेतलं ते हे बघायला का, पोरं सायकल चालवतात, घराच्या किमती पडतील, सगळे ड्रगवाले असणार, हे लोक काम का करत नाहीत! ते काम करत नाहीत म्हणे. अहो तुमचं गवत कोण कापतं, तुमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये फुकटचं बुफे कोण मांडतं? (ड्रगवाले नसतात असं नाही, असतात. ते पक्क्या घरातही असतात.)

आणि मग या सगळ्या तक्रारींचा कायदा झाला की त्यात घाण राहते बाजूला आणि फूटपट्टी येते पुढे. आमच्या माउंटन व्ह्यूमध्ये कौन्सिलने २०१९ मध्ये ठराव केला, लोकांनी सह्या गोळा करून तो मतदानाला टाकायला लावला, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये 'मेझर सी' या नावाने तो ५७ टक्क्यांच्या आसपास मतांनी पास झाला. कोविड चालू होता तेव्हा, घरात बसा घरात बसा म्हणत होते सगळे. ठराव काय, तर २२ फुटांपेक्षा लांब किंवा सात फुटांपेक्षा रुंद किंवा उंच गाडी ४० फूट वा त्याहून अरुंद रस्त्यावर लावायची नाही. वाचताना वाटतं ट्रॅफिकचा नियम आहे. पण गावातले बहुतेक रस्ते त्यात बसतात, त्यामुळे उरतं काय ते तुम्हीच बघा. मग २०२१ मध्ये गाडीत राहणाऱ्यांच्या वतीने कोर्टात केस झाली, २०२२ मध्ये तडजोड झाली आणि शहराने किमान तीन मैल लांबीची जागा अशा गाड्यांसाठी राखायचं कबूल केलं. अख्ख्या गावात तीन मैल.

हे फक्त आमच्याच गावात नाही. शेजारच्या पालो आल्टोने २०१३ मध्ये गाडीत राहणं हाच गुन्हा ठरवला होता. पण लॉस एंजेलिसचा तसाच जुना कायदा २०१४ मध्ये फेडरल अपील कोर्टाने रद्द केला, कारण त्यात नेमकं काय केलं म्हणजे गाडीत राहिलं हेच स्पष्ट नव्हतं, पोलिसाच्या मनात येईल त्याला पकडा. मग पालो आल्टोनेही गुपचूप आपला कायदा मागे घेतला. त्यानंतर जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ऑरेगनमधल्या ग्रँट्स पास गावाच्या केसमध्ये सांगितलं की निवाऱ्यात जागा नसली तरी उघड्यावर झोपणाऱ्याला दंड करणं म्हणजे क्रूर शिक्षा होत नाही, आणि सगळ्या शहरांच्या अंगात बळ आलं. सॅन होजेने २०२५ च्या सुरवातीपासून ठरावीक भागांतून आरव्ही हलवायची मोहीम काढली, सॅन फ्रान्सिस्कोने त्याच वर्षी जुलैमध्ये मोठ्या गाड्यांना दोन तासांची मर्यादा घातली. मे महिन्यात मोजणी झालेल्या गाड्यांना तेवढा तात्पुरता परवाना, बाकीच्यांनी निघायचं. निघून कुठे, तर पुढच्या गावात. मग पुढचं गाव म्हणतं आमच्याकडे अचानक आरव्ही वाढल्या, आम्हालाही कायदा करायला हवा.

मराठी वाचकाला हे सगळं कुठेतरी ऐकल्यासारखं वाटेल, कारण मुंबईने हे चाळीस वर्षांपूर्वी पाहिलंय. १९८१ साली भर पावसाळ्यात अंतुले मुख्यमंत्री असताना फूटपाथवर राहणाऱ्यांना उचलून आपापल्या गावी पाठवायचं ठरलं होतं, त्यावर ओल्गा टेलिस या पत्रकारबाई आणि खुद्द फूटपाथवर राहणारे लोक कोर्टात गेले. म्हणणं एवढंच की आम्ही इथे हौसेने झोपत नाही, काम इथे आहे म्हणून झोपतो, इथून हाकललं की पोट गेलं. १९८५ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं, उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो असं स्पष्ट लिहिलं. आणि त्याच निकालात असंही म्हटलं की फूटपाथ चालायला आहेत, रीतसर कारवाई करून पालिका लोकांना हटवू शकते, फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबा. वकील लोक पहिलं वाक्य सांगतात, ज्यांना उठवलं त्यांना दुसरं माहिती. तरी निदान काम आणि झोपायची जागा यांचा संबंध आहे एवढं तरी आपल्या कोर्टाने कागदावर आणलं. इकडच्या कौन्सिलच्या मीटिंगला बसा, तीन तासांत सायकल ट्रॅकची रुंदी, पाट्यांची उंची सगळं निघतं, हा विषय क्वचित निघतो.

माझा मुद्दा एकच आहे. ज्या लोकांना रस्त्यावर आरव्ही नको आहेत त्यांनाच गावात नवीन घरंही नको आहेत, आणि या दोन गोष्टी एकदम मागता येत नाहीत. कुपर्टिनोचं उदाहरण घ्या, आपली केवढी मंडळी तिथे आहेत, शाळांसाठी मुद्दाम जातात. तिथला वॉल्को मॉल ओस पडला होता, त्या जागेवर २,४०२ घरं बांधायला २०१८ मध्ये राज्याच्या कायद्याखाली मंजुरी मिळाली, त्यातली निम्मी परवडणारी. केवढा गहजब! ट्रॅफिक वाढेल, शाळा भरतील, गावाचं वळण बिघडेल. विरोधक कोर्टात गेले, हरले, पण तोवर वर्षं गेली ती गेलीच, मॉल पाडून तिथे कित्येक वर्षं नुसतं मोकळं मैदान होतं. आणि हे ओरडणाऱ्यांत आधीपासून राहणारे जे आहेत त्यांना घाई कसली, १९७८ च्या प्रॉप १३ या राज्याच्या कायद्यामुळे त्यांचा प्रॉपर्टी टॅक्स घर घेतलं तेव्हाच्या किमतीवर ठरतो आणि वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही. घराची किंमत वाढली तर फायदा यांचा, घरं कमी पडली तर भुर्दंड दुसऱ्याला. आपण नवीन येणाऱ्यांनी महागात घर घेतलं की आपणही दुसऱ्या दिवसापासून याच रांगेत उभे राहतो, हे मला जास्त खटकतं. डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये सहा जणांनी राहिलेली माणसं आहोत आपण.

घरं उद्या होणार नाहीत हे मलाही कळतं. पण तोवर करण्यासारखं पुष्कळ आहे आणि काही ठिकाणी केलंही गेलंय. सांता बार्बरामध्ये २००४ पासून रात्री रिकामे असणारे पार्किंग लॉट गाडीत झोपणाऱ्यांना देतात. आमच्याकडेही शोरलाइनच्या मोठ्या ओपन एअर थिएटरच्या पार्किंगचा एक भाग असा दिलाय, संडास असतात, मदत करणारे कर्मचारी येतात, तिथून काही लोक पक्क्या घरात गेलेही. जागा मात्र थोड्या आणि यादी लांब. सॅन होजेने टाकी उपसायची गाडीच आरव्हीपाशी पाठवायला सुरवात केली होती, घाण पाणी हाच राग असेल तर त्यावर हा सरळ उपाय आहे, कोणाला हाकलायला लागत नाही. आमच्या ग्रुपवर मी ही माहिती टाकली तर दोघांनी लाइकचा अंगठा टाकला आणि एकाने विचारलं की हा लॉट नेमका कुठल्या रस्त्यावर येणार, आमच्या बाजूला नाही ना.

ते गवत कापणारे गृहस्थ आता आमच्याकडे येत नाहीत. टीममधल्या दुसऱ्याला विचारलं तर म्हणाला गाडी टो झाली, सोडवायला लागणारे पैसे गाडीच्या किमतीपेक्षा जास्त झाले म्हणून सोडून दिली, आता मँटेकाला कोणा नातेवाइकाच्या गॅरेजमध्ये राहतात. मुलीची शाळा बदलली. कौन्सिलची पार्किंगवरची पुढची मीटिंग मंगळवारी संध्याकाळी आहे, बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं देतात. मी नाव दिलंय, ग्रुपवरचेही चौघंजण येणार आहेत, बाजू अर्थातच दुसरी. या पत्रातलं जेवढं तीन मिनिटांत बसेल तेवढं तिथे बोलेन, उरलेलं तुम्ही छापलंत तर बरं.

आपली,
एक वाचक, माउंटन व्ह्यू, कॅलिफोर्निया (मूळ डोंबिवली पूर्व)