बुवा, तुमच्या गुडघ्याचे आभार

बुवा, साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानले असते तर "सोडा हो गुरुजी" म्हणत तुम्ही पेटी उचलून चालू लागला असतात. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

हिंगोलीहून कणकवली तालुक्यातल्या शाळेवर रुजू झालो तो जूनमध्ये. असला पाऊस आम्ही जन्मात पाहिला नव्हता. खोलीत कपडे वाळत नव्हते, पोरांचं मालवणी कळत नव्हतं, दुकानातून निघालो की पाठीमागून 'घाटी' ऐकू यायचं. त्याचं फार लागलं नाही, सवय होती. आधीची दोन वर्षं एका मोठ्या शहरात काढली. तिथल्या सांस्कृतिक मंडळाने वर्गणीची पावती लगेच फाडली, "टाळ वाजवता? वा, बोलावू की" म्हणाले, आणि बोलावलं ते थेट सतरंज्या उचलायला.

चतुर्थीच्या रात्री मी घरमालकांच्या पडवीत दाराशी उभा होतो. तुमचं भजन थोडं ऐकून सटकणार होतो. रूपावली, म्हणजे देवाच्या रूपाचा सुरुवातीचा अभंग, संपता संपता तुम्ही मान वर केलीत. "गुरुजी, थय कित्याक? हय बसा." पेटीशेजारी जागा केलीत आणि झांज हातात दिलीत.

खरं सांगतो, मनात जरा ताठाही होता. नामदेवांच्या नर्सीजवळचा माणूस मी, हरिपाठ-काकड्यात वाढलेला. मला कोण शिकवणार? अभंगापर्यंत निभावलं. मग गजर आला. आमच्याकडे उभ्याने, पावली टाकत, सगळ्यांना सोबत घेत लय चढते. तुमच्या पखवाजवाल्याने बसल्या जागी वादळ उठवलं. दोनदा चुकलो. कोरसमधल्या एका पोराने वळून पाहिलं. झांज गुपचूप मांडीवर ठेवायच्या बेतात होतो.

तेवढ्यात तुमचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला. वाटलं, चुकून. पुन्हा लागला. मग ध्यानात आलं, तालाच्या पहिल्या मात्रेवर, समेवर लागतोय! दोन्ही हात पेटीत अडकलेले, डोळे मिटलेले, आवाज वरच्या पट्टीत, आणि गुडघा तेवढा माझ्यासाठी मोकळा ठेवलेला. सम आली की ठक. परत ठक. अख्खा गजर तुम्ही मला तसा पार करून दिलात. गौळण लागली तेव्हा तो ठोका कधी थांबला, मला कळलंसुद्धा नाही.

पुढे किती घरं झाली, आठवत नाही. गणपतीवरच्या माटवीला टांगलेली कवंडाळांची लालकेशरी फळं, पडवीत चिखलाच्या चपलांचा ढीग, दर घरी काळ्या वाटाण्याची उसळ आणि पाव. मध्येच लाईट गेली, भजनाची बारी थांबली नाही. (छत्री कुणाची तरी बदलून आली आहे. काळी, लाकडी मुठीची. ज्याची असेल त्याने न्यावी.)

माईक धरून मोठेपणा करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. नवख्याची चूक झाकायची, आणि झाकली हे त्यालाही बोलून दाखवायचं नाही, असा माणूस मला तरी पहिल्यांदाच भेटला. त्या रात्रीबद्दल तुम्ही आजवर एक शब्द काढलेला नाही. उलट दुसऱ्या वर्षी ती झांज माझ्याकडेच ठेवायला दिलीत. दोरी झिजली होती, नवी ओवली आहे.

यंदा गणपतीच्या सुट्टीत येत नाही, असं घरी कळवलं. आई भडकली. "महालक्ष्म्या सोडून?" म्हणाली आणि फोन ठेवला. रात्री तिनेच परत लावला. "तिकडे एकवीस दिवसांचेही गणपती असतात म्हणे, महालक्ष्म्या उठल्या की आम्हीच येतो."

पाच माणसं आहेत, बुवा. उसळ जरा जास्त टाकायला सांगा.

तुमचा,
घाटावरचा गुरुजी